गच्चीवरचं ऊन ब्राउझरमध्ये मोजताय? या चुका टाळा

पुण्यातली गच्ची, शेजारी उंच इमारत आणि प्रश्न एकच: सोलर पॅनलला रोज किती तास ऊन मिळेल? थ्री.जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्य दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) गच्ची-इमारतीचं मॉडेल उभं केलं की सावल्या छान सरकतात, पण तासांचा आकडा चुकतो. तेव्हा पहिली शंका घड्याळावर घ्या.

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८६ वर. अंशाला ४ मिनिटं धरली तर पुण्याची मध्यान्ह, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असण्याची वेळ, सरासरी १२:३५ला होते. फेब्रुवारीत ती पावणेएकच्या पुढे जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२० च्याही आत येते. म्हणून बारापर्यंतचे तास मोजून दुप्पट करू नका. शिवाय टाइमझोन न लिहिता दुपारचे १२ दिले, तर जावास्क्रिप्ट बघणाऱ्याच्या संगणकाची वेळ धरतं. डिसेंबरात न्यू जर्सीतल्या भावाने तेच पान उघडलं, तर पुण्यात रात्रीचे साडेदहा! वेळेसोबत जागतिक प्रमाणवेळेपासूनचा (यूटीसी) साडेपाच तासांचा फरक (+05:30) लिहाच.

दिशेचा घोळ वेगळा. सनकॅल्क या सूर्याची जागा काढणाऱ्या लायब्ररीच्या १.x आवृत्तीत दिगंश (सूर्याच्या आडव्या दिशेचा कोन) दक्षिणेपासून पश्चिमेकडे, अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजतात. उत्तर शून्य समजलात तर सूर्य थेट उलट्या बाजूला जातो.

पडद्यावरच्या सावलीचे पिक्सेल मोजून तास काढू नका. डायरेक्शनल लाइटचा (थ्री.जेएसमधला सूर्यासारखा समांतर किरणांचा दिवा) सावलीचा कॅमेरा, आपण बदलला नाही तर, दोन्ही बाजूंना ५ एककंच बघतो; मीटरमध्ये मॉडेल असेल तर शेजारची इमारत त्याच्या बाहेरच राहते. मोजणीसाठी गच्चीवर बिंदूंची जाळी आखा आणि दर १० मिनिटांनी प्रत्येक बिंदूतून सूर्याकडे किरण सोडा; तो कशालाही न अडता गेला, तर त्या बिंदूला ऊन. किरण पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर सुरू करा, नाहीतर गच्ची स्वतःलाच आडवी येते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक शेडच्या पत्र्याची. पत्रा एकाच पातळ पृष्ठाचा काढला आणि मटेरियल (पृष्ठ कसं दिसेल ते ठरवणारी सेटिंग) एकतर्फी ठेवलं, तर खालून आलेला किरण त्यातून आरपार जातो. शेडखाली दिवसभर ऊन दिसलं की मटेरियल दुतर्फी करा.

मग पडताळा. मॉडेलमध्ये १ मीटरची काठी रोवा. पुण्यात २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली उत्तरेला सुमारे ९० सेंटिमीटर पडली पाहिजे. २१ जूनला जेमतेम ९ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला, कारण तेव्हा सूर्य आपल्या उत्तरेला असतो.