दसऱ्याआधी पालकांना गाठा

आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं काम ज्यांच्याकडे नव्यानं आलंय, त्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवते. हा कक्ष सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे.

पहिल्याच वर्षी फीडबॅकचा गठ्ठा सोडून बसले. एका वर्गाचे 62 फॉर्म, प्रत्येकी 20 प्रश्न. 'अतिउत्तम'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा. काहींनी तर खुणाही केल्या नव्हत्या, एकच उभी रेघ ओढली होती. वसतिगृहालासुद्धा अतिउत्तम, आणि आमच्याकडे वसतिगृहच नाही. मुलांवर चिडून काय उपयोग? आपण सांगितलं आणि काही बदललं, असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून आधी कक्षाची समिती नीट करा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्राचार्य अध्यक्ष असतात. प्राध्यापक आणि संस्थेचा प्रतिनिधी यांच्याबरोबर विद्यार्थी, माजी विद्यार्थी, स्थानिक समाज आणि नोकरी देणारे यांच्यातलंही माणूस लागतं. तिमाहीला किमान एक बैठक, गणसंख्या दोन तृतीयांश. या जागांवर मोठं नाव घालायचा मोह होतो, तो टाळा. मोठं माणूस सत्काराला येतं, बैठकीला येत नाही. आपली मुलं खरोखर जिथं कामाला लागतात तिथलं माणूस घ्या. पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, खासगी शाळा, काहीही चालेल.

आम्ही एका पतसंस्थेचे व्यवस्थापक घेतले. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं टॅली करतेत, पण ठेवीदाराच्या तक्रारीला चार ओळींचं उत्तर लिही म्हटलं की पेन थांबतो." मी मराठीची प्राध्यापक, ते मला फार लागलं. मी त्यांच्याकडे खरी पत्रं मागितली. पुढच्या वेळी त्यांनी नावं, खातेक्रमांक खोडून तीन तक्रारअर्ज आणले. तेव्हापासून द्वितीय वर्षाच्या मुलांना मी तेच अर्ज उत्तरं लिहायला देते आणि ती उत्तरं व्यवस्थापक स्वतः तपासतात. एका मुलीच्या उत्तरावर त्यांनी लाल पेनानं लिहिलं होतं, 'व्याजदर बरोबर, पण दिलगिरी राहिली.' एवढी नेमकी सूचना माझ्या हातून कधी झाली नसती.

आता पालक. आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीवर. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि आमचा पालक मेळावा असायचा जानेवारीत! आता आम्ही दसऱ्याआधी गावातच जातो, संध्याकाळी सातनंतर, मारुतीच्या पारावर. फॉर्म नेत नाही. एकच विचारतो, "लेकराचं कॉलेज कुठं अडतंय?"

एक आई म्हणाली, "पोरीला यष्टी साडेनवाला मिळती. तुमचा पयला तास आठचा. तिनं बुडवला नाही ओ, तिला घावलाच नाही." त्याच मुलीला आम्ही गैरहजेरीची नोटीस दिली होती. दुसऱ्या दिवशी मी एसटीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं. हे आधीच करायला हवं होतं. पुढच्या सत्रात तिच्या वर्गाचे तास साडेदहापासून लावले.

इतिवृत्त लिहिताना 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य वापरूच नका. चार रकाने आखा: कोणी सांगितलं, काय सांगितलं (त्यांच्याच शब्दांत), कोण कधीपर्यंत करणार, काय झालं. पुढची बैठक चौथ्या रकान्यापासूनच सुरू करायची. नॅकलाही फीडबॅकबरोबर त्याचं विश्लेषण, कार्यवाही आणि ती संकेतस्थळावर टाकलेली लागते, म्हणजे यात जादा काम काहीच नाही.

जे जमलं नाही तेही कारणासकट सूचना फलकावर लावा. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो, तो आपल्याला बदलता येत नाही. पण अभ्यास मंडळाला पत्र लिहिता येतं, त्या पत्राची प्रत फलकावर लावता येते. आम्ही लावली, तेव्हा मुलं थांबून वाचत होती.

शेजारच्या कॉलेजांशी इतिवृत्ताच्या वह्यांची अदलाबदल करा. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, आपण छत्रपती संभाजीनगरच्या. पण ऊसतोडीची अडचण दोन्हीकडं सारखीच आहे.

यंदाच्या गावभेटीची तारीख भाद्रपदातच पक्की करा. जाताना त्या गावचा एखादा माजी विद्यार्थी सोबत न्या. तो शेजारी बसला की आया मोकळ्या बोलतात.