विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रे पाहायला जाताना

साताऱ्याची कागदपत्रे साताऱ्यातच सापडतील, असे गृहीत धरून चालू नये. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेला इथला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला, आणि ती संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्यामुळे कोल्हापूरचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, म्हणजे त्या विद्यापीठाचे ग्रंथालयही आपल्याला जवळचे आहे. पुण्याची एसटी धरायची की कोल्हापूरची, हे घरीच ठरवावे.

त्यासाठी प्रश्न नेमका हवा. ‘आमच्या गावाचा इतिहास पाहायचा आहे’ एवढ्या सांगण्यावर ग्रंथपालांना कपाटापर्यंतही जाता येत नाही. गाव त्या काळी कोणत्या परगण्यात किंवा तर्फेत (म्हणजे कोणत्या महसुली विभागात) होते, घराण्याकडे पाटीलकी होती की कुलकर्ण, आणि साधारण कोणत्या सालातला कागद हवा आहे, हे लिहून दिले तर सूची चाळणे शक्य होते. अर्जात हाच तपशील द्यावा, विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांचे पत्र जोडावे, ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि तो संग्रह ठरल्या दिवशी पाहायला मिळेल ना, याची फोनवर खात्री करून घ्यावी.

वाचनकक्षात पिशवी बाहेर ठेवून पेन्सिल व वही एवढेच आत न्यावे. जुन्या कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात, त्यांना रुमाल म्हणतात. एका वेळी एकच रुमाल सोडावा आणि कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने परत ठेवावेत. पान उलटताना बोटाला थुंकी लावण्याची आपली सवय इथे अतिशय घातक आहे, कारण काजळापासून केलेली जुनी शाई ओलाव्याने पसरते. अक्षरांवर बारीक वाळूचे कण दिसले तर ते झटकू नयेत. ओली शाई टिपण्यासाठी लेखकाने स्वतः टाकलेली ती वाळू आहे, आणि मला तरी ते कण पाहिले की लिहिणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटतो.

बहुतेक जुना मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत असल्याने निदान अक्षरओळख करूनच जावे. त्याहून अधिक अडते ते तारखेपाशी. शके असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र पौषापासून पुढच्या मित्यांना कधी ७९ मिळवावे लागतात. पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कारभारातली एक वेगळी वर्षगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो: ‘सित्तैन मया व अलफ’ म्हणजे साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६०. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवावेत. म्हणून ११६० हे साल १७५९-६० ठरते. तारखेपूर्वीचा ‘छ’ हा चंद्राचा संक्षेप असून त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. हे कोष्टक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर संग्रहाचे नाव, रुमाल क्रमांक आणि कागदाचा क्रमांक आधी लिहावा, मजकूर नंतर. एका इनामपत्राची अख्खी नक्कल मी एकदा क्रमांकाशिवाय उतरवून आणली होती, आणि तो कागद पुन्हा शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. छायाचित्र घ्यायचे असेल तर परवानगी व शुल्क आधी विचारावे, फ्लॅश वापरू नये, आणि पहिल्या छायाचित्रात क्रमांकाची चिठ्ठी दिसेल असे पाहावे. ते छायाचित्र लेखात किंवा प्रबंधात छापायचे झाल्यास त्याची वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा तो अर्ज निघण्यापूर्वीच ग्रंथपालांच्या हाती द्यावा.