पोकळ शब्दांचं यंत्र लिहिताय? या चुका टाळा

'सर्वसमावेशक गतिमान आराखडा'. ऐकायला भारदस्त, अर्थ शून्य. असे शब्दसमूह पाडणारा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वीसेक ओळींत होतो, म्हणून नवशिक्यांचा तो आवडता सराव. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या फिलिप ब्रॉटन यांचा असा तक्ता १९६८ मध्ये 'न्यूजवीक'ने छापला होता. तीन रकाने, प्रत्येकात दहा शब्द. मनात तीन आकडी संख्या धरायची, त्या क्रमांकांचे शब्द उचलायचे आणि अहवालात घुसवायचे.

गोम अशी, की या यंत्रातून बाहेर पडतं ते मुळातच निरर्थक. त्यामुळे चूक झाली तरी डोळ्यांत खुपत नाही. माझ्या यादीत 'समग्र' आणि 'बहुआयामी' यांच्यामधला स्वल्पविराम राहिला होता. पायथन अशा वेळी तक्रार करत नाही. अवतरणातले लागोपाठचे दोन शब्द गुपचूप जोडून टाकतं. पडद्यावर 'समग्रबहुआयामी धोरणात्मक चौकट' आलं आणि मी चक्क मान डोलावली! दहाची यादी नऊची झालीय हे लेन, म्हणजे लांबी मोजणारी आज्ञा, वापरून आकडा छापून पाहिला तेव्हा कळलं.

म्हणून आधी खऱ्या शब्दांऐवजी 'अ१', 'ब७', 'क३' अशा खुणा भरून प्रोग्राम चालवा. 'अ४ ब४ क४', 'अ९ ब९ क९' असंच येत राहिलं, तर एकच आकडा काढून तिन्ही याद्यांना लावलाय हे लगेच दिसतं. तसं झालं की १००० शब्दसमूहांऐवजी हाती फक्त १० उरतात. खरे शब्द असते तर ही चूक महिनाभरसुद्धा कळली नसती.

रँडइंट, म्हणजे दोन टोकांमधला कुठलाही एक आकडा काढून देणारी आज्ञा. तिची चूक मात्र आरडाओरडा करते, पण लहर लागेल तेव्हाच. रँडइंटला ० आणि १० दिले की दोन्ही टोकं धरून अकरा आकडे येतात. दहा शब्दांच्या यादीत जागा ० ते ९ एवढ्याच. तीन याद्या असल्या तर साधारण चारांतून एकदा 'इंडेक्सएरर' (यादीत नसलेली जागा मागितल्याची तक्रार) येऊन प्रोग्राम कोसळतो. माणूस पुन्हा चालवतो, चाललं की विसरतो. आकडे मोजण्याच्या फंदात न पडता सरळ चॉइस वापरा, ते यादीतला एक शब्द स्वतःच उचलतं. जावा या दुसऱ्या भाषेत याच जागी कंसाची चूक होते. तिथे ० ते १ मधला अपूर्णांक काढून त्याला दहाने गुणतात आणि इंट लावून पूर्णांक करतात. गुणाकाराला कंस न घालता आधी इंट लावलं की उत्तर कायम ०, म्हणजे कायम पहिलाच शब्द.

दर वेळी प्रोग्राम सुरू केल्यावर तेच शब्द त्याच क्रमाने येत असतील, तर चाचणीसाठी ठेवलेली सीडची, म्हणजे आकड्यांचा क्रम पक्का करणारी, ओळ काढायची राहिलीय. पण अधूनमधून एखादा शब्दसमूह पुन्हा आला तर घाबरू नका. १००० शक्यता असल्या, तरी ३८ वेळा काढल्यावर कुठलातरी एक दोनदा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. पुनरावृत्ती नकोच असेल तर सगळ्या जोडण्या आधी तयार करा, शफल करा, म्हणजे पत्त्यांसारख्या पिसा, आणि एकेक काढत जा.

खरी पंचाईत इंग्रजी नमुना मराठीत आणताना होते. 'नवा', 'मोठा', 'वेगळा' ही विशेषणं नामाचं लिंग-वचन पाहून बदलतात. यंत्राला त्याचं काय? ते 'नवा रणनीती' पाडून मोकळं. यादीत न बदलणारी विशेषणंच ठेवा: शाश्वत, एकात्मिक, लोकाभिमुख, दूरगामी. कार्यालयीन मराठीतली बहुतेक जडजंबाळ विशेषणं सुदैवाने याच जातीची आहेत.

प्रत्यय लावायला गेलात तर आणखी फसाल. 'आराखडा'ला 'ची' चिकटवलं की 'आराखडाची अंमलबजावणी' होतं. हवं असतं 'आराखड्याची'. 'संकल्पना'चं 'संकल्पनेची', 'रणनीती' मात्र आहे तशीच. सामान्यरूपाचे नियम प्रोग्रामात लिहू नका, वीस ओळींच्या दोनशे होतील. प्रत्येक नामाशेजारी त्याचं सामान्यरूप हातानेच लिहून जोडी ठेवा. दहा शब्दांना किती वेळ लागतो?

शब्द वेगळ्या फाइलमधून वाचत असाल, तर ती उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोजवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसू शकतात. आणि रकाने सरळ रेषेत आणायला लेनवर विसंबू नका. 'रणनीती'त आपल्याला चार अक्षरं दिसतात, पायथन सहा मोजतं. दोन वेलांट्या त्याच्या हिशेबी वेगळ्या.