टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि होम थिएटर जोडताना एचडीएमआय पोर्ट का जळतात, ते कसे वाचवायचे

टीव्ही चालू, सेट-टॉप बॉक्स चालू, नवा साउंडबार आणून एचडीएमआय केबल खोचली. टोक लागताना बारीकशी ठिणगी दिसली आणि तेवढ्यावर तो पोर्ट गेला. टीव्हीवर ‘नो सिग्नल’. दुसऱ्या पोर्टला मात्र सगळे नीट चालते. अशा वेळी दोष बहुधा केबलवर ढकलला जातो आणि महागडी केबल आणली जाते. पण पोर्ट जाळते ते दोन उपकरणांच्या बॉडीमधले व्होल्टेज. प्रत्येक उपकरण एकटे असताना ठणठणीत असते. दोघांना तारेने जोडले की त्यांच्यातला फरक त्या बारीक तारेतून वाट काढतो.

हे व्होल्टेज येते कुठून? आजच्या जवळजवळ प्रत्येक उपकरणात एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होऊन मेन्सचे कमी व्होल्टचे डीसी करणारा) पॉवर सप्लाय असतो. त्याचा विद्युत गोंगाट (नॉइज) बाहेर जाऊ नये म्हणून मेन्सच्या बाजूपासून बॉडीपर्यंत किंवा आउटपुटच्या ग्राउंडपर्यंत छोटे कपॅसिटर टाकलेले असतात. त्यांना वाय-कपॅसिटर म्हणतात. थ्री-पिन उपकरणात फेज ते बॉडी एक आणि न्यूट्रल ते बॉडी एक असे दोन असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा करंट निमूट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध, म्हणजे 230 च्या निम्म्यावर, सुमारे 115 व्होल्टवर तरंगते. टीव्हीच्या मागच्या धातूला किंवा चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला हात लागला की ज्या झिणझिण्या येतात, त्या याच.

हा करंट फारच थोडा असतो. 2.2 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झला सुमारे 0.16 मिलिअँपिअर जातो. माणसाला तो जाणवतो, धोका करत नाही. एचडीएमआयच्या चिपचे गणित मात्र वेगळे आहे. तिच्या वेगवान लाइन 3.3 व्होल्टच्या आणि ओळख पटवणाऱ्या लाइन 5 व्होल्टच्या. केबल टेकते त्या क्षणी कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज एका झटक्यात रिकामा होतो. तो बाहेरच्या धातूच्या आवरणातून गेला तर निभावते. केबल तिरकी घातली, आवरण सैल असले किंवा आधी सिग्नलची पिन टेकली, तर तो झटका थेट चिपला बसतो. ऑडिओच्या आरसीए पिनमध्ये (लाल-पांढऱ्या गोल पिना) तर रचनाच अशी आहे की मधली सिग्नलची पिन आधी टेकते आणि बाहेरची ग्राउंडची कडी नंतर. चालू अॅम्प्लिफायरला आरसीए लावताना स्पीकरमधून ‘धप्प’ आवाज येतो तो म्हणूनच, आणि त्यात ट्वीटर किंवा इनपुटचा आयसी जाऊ शकतो.

कोअॅक्सला विसरू नका

एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरची सगळी उपकरणे, अर्थिंग नसले तरी, बोर्डच्या अर्थ पट्टीमुळे निदान एकमेकांच्या पातळीवर असतात (थ्री-पिनवाली तरी). बाहेरून येणारी कोअॅक्स वायर, म्हणजे केबल टीव्हीची किंवा डिशची मधे तार आणि भोवती धातूची जाळी असलेली वायर, हा समतोल मोडते. बहुतेकांचे लक्ष जात नाही ते इथेच.

केबल टीव्हीच्या वायरची जाळी इमारतीतल्या सगळ्या घरांत एकच असते. प्रत्येक घरातल्या बॉक्सचा 0.16 मिलिअँपिअर त्या जाळीवर जमा होतो. जिन्यातल्या किंवा खांबावरच्या अॅम्प्लिफायरला अर्थिंग नसेल, तर वीस घरांचे मिळून 3 मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकते. वेगवेगळ्या फेजवरच्या घरांचा करंट एकमेकांना काहीसा मारतो म्हणून थोडे कमी, पण जाणवण्याइतके नक्की. एखाद्या घरातला बॉक्स खरोखर बिघडलेला असेल तर तो पूर्ण 230 व्होल्ट त्या जाळीवर टाकू शकतो आणि फटका शेजारच्या घराला बसतो. तुमच्या घरात उत्तम अर्थिंग असेल तर हा सगळा करंट जमिनीकडे जाताना तुमच्याच एचडीएमआय केबलमधून जातो: कोअॅक्स, बॉक्स, एचडीएमआय, थ्री-पिनचा एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) आणि मग अर्थ.

डीटीएचमध्ये उलटे होते. डिश गच्चीवरच्या लोखंडी कठड्याला किंवा टाकीच्या पाइपला कसलेली असते. ते लोखंड इमारतीच्या सळ्यांना लागून जमिनीशी जोडलेले असते, खाली टीव्ही मात्र 115 वर तरंगत असतो. शिवाय बॉक्स त्या वायरवरून वरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) 13 किंवा 18 व्होल्ट डीसी पाठवतो. म्हणून बॉक्स चालू असताना डिशची वायर काढू-घालू नये. मधली तार जाळीला चाटली की बॉक्सचा तो भाग जाण्याची भीती असते.

आधी सॉकेट तपासा

मल्टिमीटर एसी व्होल्टवर 600 किंवा 750 च्या रेंजला ठेवा. सॉकेटकडे तोंड केल्यावर वरचे मोठे भोक अर्थचे, उजवीकडचे फेजचे, डावीकडचे न्यूट्रलचे असायला हवे. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत हवे. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे शंभराच्या घरातले आकडे आले, तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. फेज डावीकडे असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. आपल्या बोर्डवरचे बटण फक्त उजवीकडची तार तोडते. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद असूनही उपकरणात फेज उभाच राहतो.

न्यूट्रल-अर्थ अगदी 0.0 दिसले तर खूश होऊ नका. त्याच सर्किटवर 1000 वॅटची इस्त्री लावून पुन्हा मोजा. न्यूट्रलमधून करंट वाहिला की हा आकडा थोडा तरी, साधारण एखाद्या व्होल्टने, वर सरकायला हवा. तो 0.0 वरच राहिला तर सॉकेटच्या मागे कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ तुकडा टाकून जोडलेले असण्याची दाट शक्यता आहे. हा जुगाड जिवावरचा आहे. न्यूट्रल सुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाची बॉडी 230 व्होल्टवर जाते. तो तुकडा त्याच दिवशी काढून घ्या.

मीटरवर 230 दिसले म्हणजे अर्थिंग दमदार आहे असेही नाही. मीटर इतका कमी करंट ओढतो की केसाएवढ्या जोडावरही पूर्ण आकडा दाखवतो. खरी परीक्षा वायरमनच्या 100 वॅटच्या टेस्ट लॅम्पची, फेज आणि अर्थच्या मध्ये. दिवा भरभरून पेटला आणि त्या वेळी फेज-अर्थ व्होल्टेज जेमतेम 2-4 व्होल्टने उतरले तर अर्थ चांगला. दिवा मिणमिणता असेल किंवा व्होल्टेज 30-40 ने कोसळले तर अर्थ नावापुरताच आहे. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, आणि पडलाच पाहिजे. ही चाचणी स्वतः करू नका. अर्थ तुटका असेल तर दिव्यातून आलेला फेज घरातल्या फ्रिज, गीझर, वॉशिंग मशिनच्या बॉडीवर येतो. वायरमनलाही आधी सगळे प्लग काढायला लावा.

एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पाहा. वर थ्री-पिनची भोके आणि आत दोनच तारा, असे बोर्ड बाजारात भरपूर आहेत. स्पाइक बस्टर लावला म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनीही हे बघावे. त्यातले फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ एमओव्ही (जादा व्होल्टेज वळवणारे भाग) अर्थिंगशिवाय काहीच कामाचे नसतात.

आता उपकरणांच्या बॉडीमधले व्होल्टेज

सगळी उपकरणे प्लगला लावून चालू करा, पण एकमेकांना जोडू नका. मीटरचे एक टोक टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टच्या बाहेरच्या धातूला, दुसरे बॉक्सच्या पोर्टच्या धातूला. आतल्या पिनांना टोक लागू देऊ नका. मग बॉक्सच्या जागी कोअॅक्सच्या सुट्या टोकाची बाहेरची कडी घ्या. प्रोबच्या धातूला हात लावायचा नाही.

60, 90, 110 असे आकडे आले तर घाबरू नका. ते वाय-कपॅसिटरचे असू शकतात. खरा दोष वेगळा ओळखायला 47 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर लागतो. वीज बंद असताना तो क्रोकोडाइल क्लिपने मीटरच्या दोन टोकांमध्ये समांतर लावा, मग वीज सुरू करा. आकडा कोसळून 8-10 व्होल्टपर्यंत, फार तर 25 पर्यंत आला तर ती नेहमीची गळती. पन्नासच्या वर टिकून राहिला तर त्यामागे ताकद आहे. एखाद्या उपकरणाचे इन्सुलेशन गेले आहे, किंवा केबलच्या जाळीवर फेज आला आहे किंवा अनेक घरांची गळती जमा झाली आहे. क्वार्टर वॅटचा रेझिस्टर वापरू नका. पूर्ण 230 आले तर त्यात एक वॅटहून जास्त उष्णता होते आणि तो जळतो.

जाळीवर फेज सापडला तर वायर तशीच सोडून केबलवाल्याला आणि शेजाऱ्यांना सांगा. ती वायर जिन्यात लोंबकळत ठेवणेही धोक्याचे आहे.

जोडणीचा क्रम

काम सुरू करताना सर्वात आधी कोअॅक्स काढा (डीटीएच असेल तर त्याआधी बॉक्सचा प्लग काढून), मग सगळे प्लग भिंतीतून उपसा. रिमोटने किंवा बटणाने बंद करणे पुरेसे नाही. पाच मिनिटे थांबा. मग एचडीएमआय, आरसीए, ऑप्टिकल या केबली लावा. त्यानंतर कोअॅक्सचा एफ-कनेक्टर (टोकाची आट्यांची टोपी) पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवा. प्लग शेवटी. उद्या एकच केबल बदलायची असेल तरी हाच क्रम. लॅपटॉप टीव्हीला जोडताना चार्जर काढा, एचडीएमआय लावा, मग चार्जर.

शक्यतो टीव्ही, बॉक्स, साउंडबार, सबवूफर, गेमिंग कन्सोल हे सगळे एकाच सॉकेटमधून, तीन तारांच्या एकाच चांगल्या बोर्डवर घ्या. टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि रिसीव्हर मेन्सवर, ही मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. वीज गेल्यावर अनेक इन्व्हर्टर न्यूट्रलचा जमिनीशी असलेला संबंध तोडतात आणि दोन उपकरणांमधला फरक त्याच क्षणी बदलतो. थ्री-पिनचे टू-पिन करणारे अॅडॉप्टर तर घरात ठेवूच नका.

वायरच तोडायची असेल तर

टीव्हीचा आवाज रिसीव्हरला न्यायला ऑप्टिकल केबल सर्वात निर्धोक. तिच्यात प्रकाश जातो, धातूचा संबंधच नाही. मर्यादा एवढीच की तिच्यातून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस 5.1 जाते, ट्रू-एचडीवरचे अॅटमॉस (डॉल्बीचे त्याहून वरच्या दर्जाचे आवाजाचे प्रकार) जात नाही. ‘फायबर एचडीएमआय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक केबलींत मात्र 5 व्होल्ट आणि कंट्रोलच्या लाइनसाठी तांब्याच्या तारा असतातच, त्यामुळे ती पूर्ण सुटका नव्हे. लॅनसाठी शील्ड नसलेली यूटीपी केबल घ्या. लॅन पोर्टमध्ये आधीच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो. शील्डवाली केबल त्याला वळसा घालून दोन्हीकडच्या बॉडी जोडते.

केबल टीव्हीसाठी घरात शिरणाऱ्या वायरवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (दोन बाजूंचा धातूचा संबंध तोडणारा छोटा जोड) बसवा. तो मधली तार आणि जाळी दोन्हींत छोटे कपॅसिटर घालतो. टीव्हीचा सिग्नल पार होतो, 50 हर्ट्झ अडतो. स्पीकरमधली सततची ‘घूंऽऽ’ कोअॅक्स काढल्यावर थांबत असेल तर इलाज हाच. घूं घालवायला अर्थची पिन कापू नका. डीटीएचला हा आयसोलेटर चालत नाही, कारण तो एलएनबीचा डीसीही अडवतो. तिथे वायर घरात शिरते त्या जागी ग्राउंड ब्लॉक (कोअॅक्सची जाळी अर्थला जोडायचा धातूचा जोड) लावून 4 चौरस मिलिमीटरच्या हिरव्या तांब्याच्या तारेने घराच्या मुख्य अर्थशी जोडावे. डिशसाठी वेगळा रॉड ठोकून तो घराच्या अर्थशी न जोडणे चूक आहे. वीज जवळ पडली की दोन रॉडमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या टीव्हीतून जातो.

अर्थचा खड्डा नव्याने करायचा असेल तर आयएस 3043 (अर्थिंगचे भारतीय मानक) प्रमाणे पाइप किमान 2.5 मीटर लांब हवा, आणि रोध 5 ओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा. काळ्या मातीत ते सोपे जाते. कोकणातल्या जांभ्यात एका पाइपने सहसा भागत नाही. अंतर ठेवून दोन-तीन पाइप टाकून ते एकमेकांना जोडावे लागतात. एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो, आणि वळवाच्या विजाही नेमक्या तेव्हाच. खड्ड्यात पाणी घालत राहा. गडगडाट सुरू होण्याआधी प्लग आणि कोअॅक्स दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही.

पोर्ट आधीच गेला असेल तर नवा बोर्ड बसवण्याआधी वरची 47 किलोओहमची चाचणी कोअॅक्सवर आणि प्रत्येक उपकरणावर करून घ्या. चित्र दिसते पण साउंडबारला आवाज जात नाही किंवा एका रिमोटने दुसरे चालत नाही, अशी लक्षणे असतील तर एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत नेणारी) किंवा सीईसीची (एका रिमोटने दुसरे उपकरण चालवणारी) लाइन गेलेली असू शकते. तोवर ऑप्टिकलने काम चालते. तंत्रज्ञाला पोर्टच्या 18 क्रमांकाच्या पिनवरचे 5 व्होल्ट आणि 15-16 च्या डेटा लाइन आधी तपासायला सांगा. पुष्कळदा फक्त पोर्टजवळची संरक्षक डायोड शॉर्ट झालेली असते आणि पूर्ण मेनबोर्ड बदलण्याची गरज पडत नाही.