काळ्या पानांची सावनी

सावनी हे फुलझाड म्हणजे आपल्या ताम्हणाच्या झाडाची धाकटी बहीण. काळपट जांभळ्या पानांची बुटकी जात मी आधी नारळाच्या सावलीत लावली. पानं हिरवटली, वर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. सासूबाई म्हणाल्या, "पीठ सांडलंय व्हय गं?" मग थेट गच्चीवर, दिवसाचे 6 तास उन्हात.

आमची काळी माती पावसाळ्यात चिखल धरते, म्हणून पन्हाळ्याकडची तांबडी माती, शेणखत, थोडी वाळू. कुंडी 14 इंची, भोकं मोकळी. हिवाळ्यात पानं गळतात; घाबरून पाणी ओतू नका. फुलं नव्या फुटीवरच येतात, तेव्हा जानेवारीअखेर पेन्सिलीहून बारीक काड्या छाटा. युरिया नकोच, नुसता पाला माजतो. सुकलेला तुरा कापला की पुन्हा कळ्या धरतात.