कमोडमधलं पाणी खाली जायचं, कारण सापडलं गच्चीवर

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी कमोडमध्ये जेमतेम तळाला पाणी दिसायचं आणि घाणेरडा वास यायचा. भांड्यातलं ते पाणी गटारातला वायू अडवतं, त्यामुळे मी हे हलक्यात घेतलं नाही. घरात लहान मूल आहे.

प्लंबरने फ्लश टाकीतला फ्लोट वर केला. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग मी स्वतः बादलीभर पाणी ओतलं, पातळी स्थिरावल्यावर पेन्सिलने खूण केली आणि कमोड रात्रभर वापरला नाही. पाणी हळूहळू उतरलं असतं तर भेगेचा किंवा ट्रॅपमध्ये (कमोडच्या तळाशी पाणी साठतं त्या वळणात) अडकलेल्या केसांचा, चिंधीचा संशय घेतला असता; चिंधी वातीसारखं पाणी ओढून पलीकडे सोडते. पण रात्रभर पाणी खुणेवरच होतं. सकाळी वरच्या मजल्यावर फ्लश झाला, गुडगुड आवाज आला आणि पाणी डोळ्यांदेखत दोन बोटं खाली गेलं!

म्हणजे सांडपाण्याच्या पाइपात हवा येत नव्हती. त्यामुळे वरून खाली धावणारं पाणी आमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेत होतं.

सोसायटीच्या परवानगीने प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो. व्हेंट पाइपची (सांडपाण्याच्या पाइपात हवा येऊ देणाऱ्या, गच्चीवर उघडणाऱ्या पाइपची) टोपी तुटलेली, आत कबुतराच्या घरट्याच्या काड्या गच्च बसलेल्या. अंडी नव्हती, ते बरं झालं. काड्या वरच्या वर ओढून काढल्या, खाली ढकलल्या नाहीत. नाहीतर त्या पाइपाच्या वळणावर अडकल्या असत्या. नवी जाळीची टोपी बसवली.

तेव्हापासून पाणी खुणेवरच आहे.