अ‍ॅम्बॅसेडरचा तापणारा कार्ब्युरेटर: माझा अनुभव

माझ्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत नेणारी आणि जळलेला गरम वायू बाहेर नेणारी नळकांडी) एकाच बाजूला असल्याने कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, खालून सतत धग लागते. गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढून गाडी बंद केली, की पंखा थांबे, फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यातले) पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये उतरे आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा उग्र वास येई; स्टार्टर नुसताच फिरत राही, इंजिन सुरू होत नसे. फिटरने सुचवल्याप्रमाणे इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बदलणे मला पटले नाही. कार्ब्युरेटरखाली दोन्ही अंगांना गॅस्केट देऊन बेकेलाइटचा (उष्णता सहज पुढे न जाऊ देणाऱ्या कडक प्लास्टिकचा) जाड स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा तुकडा, बसवला, त्यालगत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आडवा लावला आणि सिलिंडर हेडला टेकणारी पेट्रोलची नळी दूर वळवली. स्पेसरमुळे कार्ब्युरेटर उंचावतो, म्हणून थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलकडून येणारी) जोडणी पुन्हा जुळवावी लागली. आता चढ संपताच थांबलो, तरी गाडी लगेच सुरू होते.